सकाळी गार, दुपारी गरम: जुनी टूरिंग बाइक घ्यायची की सोडायची

मागच्या उन्हाळ्यात भाच्याचा फोन आला. "मामा, भारी गाडी भेटलीय. साडेतीनशे सीसी, २०१३ चं मॉडेल. लई मस्त पळूलालीय. इसार देऊ का?"

"थांब बे," म्हटलं. "मालकाला सांग, उद्या सकाळी सातला येतो. आम्ही येईपर्यंत गाडीला चावी लावायची नाही."

दुसऱ्या दिवशी पावणेसातला पोचलो, इंजिनावर हात ठेवला, तर चटका बसला. मालक म्हणाले, "तुम्हाला त्रास नको म्हणून जरा गरम करून ठेवली ओ." आम्ही चहा घेतला आणि परत आलो.

ही अट मी माझ्या चुकीतून शिकलो. बारा वर्षांपूर्वी रविवारी संध्याकाळी एक गाडी बघितली. नुकतीच फिरवून आणलेली, एका सेल्फमध्ये चालू. आवाज ऐकून भुललो आणि तिथेच पैसे मोजले. सोमवारी सकाळी गार इंजिनाला पंचवीस किका मारल्या. चालू झाली तेव्हा मागे निळ्या धुराचा ढग आणि शेजारच्या काकू खिडकीत. ब्लॉक-पिस्टनचं काम निघालं, म्हणजे आपल्याकडे ज्याला हाफ इंजिन म्हणतात ते. गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा त्यात गेला.

तेव्हापासून जुनी गाडी दोनदा बघतो: सकाळी गार असताना आणि दुपारी तापल्यावर. पण त्याआधी घरी बसून करायची दोन कामं आहेत.

घरी बसून: खरंच हवी आहे का?

गेल्या वर्षभरात आपण दुचाकीवर कुठेकुठे गेलो ते कागदावर लिहा. जाणार होतो ते नको, गेलो तेवढंच. तुळजापूर, अक्कलकोट, एखादं पंढरपूर आणि उरलेले दिवस जुळे सोलापूर ते एमआयडीसी, अशी यादी निघाली तर १९० किलोची गाडी पार्किंगमध्ये रोज ढकलण्यात अर्थ नाही. दीडशे सीसीची गाडी हे सगळं निम्म्या खर्चात करते. बदामी, हंपी, कोकण, हैदराबाद अशी दोन-तीन नावं खरोखर लिहिली गेली असतील, तर पुढे वाचा.

आपल्या सोलापूरचं एक बरं आहे. पुणे अडीचशे, हैदराबाद तीनशेदहाच्या आसपास, विजयपूर शंभर, हंपी साधारण तीनशे किलोमीटर. चारही बाजूंना चांगले महामार्ग आणि बहुतेक सपाट रस्ता. म्हणून इथल्या माणसाला घाटात उड्या मारणारी गाडी लागत नाही. ८०-९० च्या वेगाने तीन-चार तास न थरथरता चालणारी, मागे बसणाऱ्याची कंबर सांभाळणारी आणि उन्हात न कुरकुरणारी गाडी लागते. ही माझी मोजपट्टी. डोंगरात राहणाऱ्याची वेगळी असेल.

या मोजपट्टीवर रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड ३५० मला अजून आवडते. २० लिटरची टाकी, लिटरला ३०-३५ धरलं तर हैदराबादला जाऊन जवळजवळ परत. उत्पादन २०२० ला थांबलं, पण इंजिन त्या काळच्या क्लासिक आणि बुलेट ३५० च्याच घराण्यातलं, त्यामुळे इंजिनाचे सुटे भाग आणि हात घालणारा मिस्त्री कुठेही भेटतो. हिमालयन ४११ मध्ये २०१६ ची पहिली गाडी कार्ब्युरेटरची, २०१७ पासून फ्युएल इंजेक्शन. घ्यायचीच तर इंजेक्शनची घ्या. तिचं २१ इंची पुढचं चाक जिल्ह्यातल्या आतल्या रस्त्यांवर वरदान आहे. बुटक्या माणसाला मात्र सिग्नलला पाय टेकवताना घाम फुटतो. पुणे रोडवर सगळ्यात दमदार डॉमिनार ४००. ती लिक्विड कूल्ड आहे, म्हणजे इंजिन कूलंट फिरवून गार ठेवणारी; टाकी १३ लिटरची, म्हणजे पंप लक्षात ठेवत जायचं. अ‍ॅव्हेंजर २२० ला लोक हसतात. सपाट रस्त्यावर नवरा-बायकोने आरामात जायचं असेल तर कमी पैशात इतकी सोयीची गाडी मी दुसरी बघितली नाही. सीबीआर २५० आर चांगली, पण तिचं उत्पादनही २०२० ला प्रदूषणाचं बीएस ६ मानक आलं तेव्हा बंद झालं. फेअरिंगचा, म्हणजे पुढच्या प्लास्टिकच्या आवरणाचा तुकडा फुटला तर शोधत बसायची तयारी ठेवा.

एबीएसचं, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं बघून घ्या. १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना नसतं. नसेल तर घेऊ नये असं नाही, पण पहिल्या पावसात ब्रेक कसा मारायचा हे हाताला पुन्हा शिकवावं लागतं.

घरी बसून: नंबर मागा

गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागा. देत नसेल तर तिथेच सोडा. केंद्राच्या परिवहन मंत्रालयाच्या एम-परिवहन अ‍ॅपवर नोंदणीची तारीख, नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा दिसतो. राज्याच्या ई-चलान पोर्टलवर थकलेले दंड दिसतात. पुण्यात चालवलेल्या गाडीवर हेल्मेटची सात-आठ चलानं सहज निघतात, आणि ती भरल्याशिवाय नाव बदलायचं काम अडकतं.

नोंदणी १५ वर्षांची असते. २०१०-११ ची गाडी असेल तर पुन्हा नोंदणी करून पाच वर्षं वाढवून घ्यावी लागते: गाडी आरटीओत दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, फी भरायची. ही फी एप्रिल २०२२ मध्ये ३०० वरून १००० झाली; वीस वर्षांवरच्या गाडीला त्याहून जास्त. मुदत संपत आलेली असेल तर हे काम मालकाने करून द्यावं, किंवा तेवढे पैसे किमतीतून कमी व्हावेत. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे ती नवी सुरक्षा पाटी, बसली आहे का बघा. दुचाकीला ५३१ रुपये लागतात. रक्कम किरकोळ आहे, पण पाटीवरचा नंबर, आरसीवरचा नंबर आणि चेसिसवरचा नंबर जुळतो की नाही हे त्यानिमित्ताने कळतं.

सोलापूरकराला एक मोह कायम असतो: केए २८ (विजयपूर), केए ३२ (कलबुर्गी) किंवा हैदराबाद पासिंगची गाडी, दहा-पंधरा हजारांनी स्वस्त. स्वस्त का, तर मूळ आरटीओची एनओसी आणायची, इथे पुन्हा नोंदणी करायची, गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा कर भरायचा, नवा नंबर घ्यायचा. दुसऱ्या राज्याच्या नंबरावर इथे फार तर १२ महिने गाडी ठेवता येते. मूळ राज्यात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी हेलपाटे घालण्यात सुट्ट्या जातात. एनओसी मालकाच्या हातात तयार असेल तरच अशा गाडीला उभं करावं. "नंतर काढून देतो" म्हणाला की नमस्कार करून निघावं.

सकाळी: गार गाडी

भाच्याला दुसरी गाडी होटगी रोडला मिळाली. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, २०१४ ची थंडरबर्ड, मागणी ८२ हजार. या वेळी आमच्यासोबत अण्णा होते, आमचे नेहमीचे मिस्त्री. मिस्त्रीला न्यायचं तर त्याच्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्या. फुकट आलेला मिस्त्री पाच मिनिटांत "चांगली हाय" म्हणून मोकळा होतो. आणि विकणाऱ्याचा मिस्त्री तो आपला मिस्त्री नव्हे.

इंजिनावर हात ठेवला. गार. तरी लगेच चालू करायची नाही. आधी वीस मिनिटं नुसती बघायची.

अण्णा रंगाकडे बघतच नाहीत, बोल्ट बघतात. इंजिनाच्या बोल्टची डोकी झिजून गोल झाली असतील, जोडावर लाल-करडा गोंद बाहेर आलेला असेल, तर ते इंजिन कुणीतरी, बहुधा घाईत, उघडलेलं आहे. उघडलं म्हणून गाडी वाईट ठरत नाही, पण का उघडलं आणि बिल कुठे आहे हे विचारायचं. नव्या रंगाची टाकी दिसली की झाकण काढून मोबाइलचा टॉर्च आत मारा. बाहेरून चकचकीत आणि आतून तांबूस गंज ही जोडी फार दिसते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं. महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी आणि कार्ब्युरेटर त्यात खराब होतो.

हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून चेसिसवरचे स्टॉपर बघा. तिथे ठेचल्याचा खड्डा असेल तर गाडी जोरात पडलेली आहे. मग मागे दहा पावलांवर बसून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते बघा. हे अगदी साधं वाटतं, पण वाकलेली चेसिस हा एकच दोष असा आहे की ज्यावर मी घासाघीस करत नाही. सोडून देतो.

मेन स्टँडवर चढवून पुढचं चाक उचला आणि हँडल एका बोटाने हळू फिरवा. मधोमध खटकन अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याची बेअरिंग, गेला. मागचं चाक धरून आडवं हलवा. खेळ वाटला तर स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) बुश किंवा चाकाची बेअरिंग गेलेली. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून, म्हणजे दातेरी चक्रावरून, मागे ओढा: अर्धा दात उघडा दिसला तर चेन संपली. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवर तेलाचा ओघळ म्हणजे सील गेलेलं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचं रबर आपल्या उन्हात लाकूड होतं. मडगार्डच्या आतल्या बाजूला हात घाला. काळ्या मातीचे वाळलेले पोपडे निघाले तर गाडी शेताच्या रस्त्यावर राहिलेली आहे, एअर फिल्टर आणि चेनची अवस्था तशीच असणार.

लिक्विड कूल्ड गाडी असेल तर गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडून बघा. आत कूलंटचा हिरवा-निळा-गुलाबी काहीतरी रंग हवा. आपल्याकडे लोक बोअरचं पाणी ओततात, त्याचा पांढरा क्षार आत धरतो आणि मे महिन्यात इंजिन तापून त्याचा हिशोब चुकता होतो. क्षार दिसला तर मी तरी पुढे जात नाही.

आता चालू करा. दोन-चार प्रयत्नांत व्हायला हवी. कार्ब्युरेटरच्या गाडीला चोक लागला तर हरकत नाही. कुणाला तरी मागे उभं करा. हिवाळ्यात सुरुवातीची पांढरी वाफ पाण्याची असते, काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, आणि निळा धूर म्हणजे इंजिन तेल खातंय. निळ्याला माफी नाही. थंडरबर्डच्या या इंजिनात टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) हायड्रॉलिक आहेत, म्हणजे तेलाच्या दाबाने आपोआप सेट होणारे, त्यामुळे चालू केल्यावर काही सेकंद टकटक होणं साहजिक. गरम झाल्यावरही टकटक चालूच राहिली तर "टॅपेट सेट केले की जाईल" या बोलण्यावर विसंबू नका, कारण त्यात हाताने सेट करायला काही नसतं. सेल्फ मारताना कडकड आवाज करून नुसतं फिरत असेल तर स्प्रॅग क्लचची, म्हणजे सेल्फची ताकद इंजिनाला देणाऱ्या भागाची, शंका घ्या, ते काम महाग पडतं.

साधा मल्टीमीटर खिशात ठेवा. बंद गाडीच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास, चालू गाडीवर रेस देऊन १३.५ ते १४.५ व्होल्ट. कमी भरलं तर चार्जिंगची भानगड आहे.

दुपारी: गरम गाडी

त्याच दिवशी दुपारी दोनला परत जा. विकणाऱ्याला हा हट्ट विचित्र वाटतो. वाटू दे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो, आणि सहलीला निघालेली गाडी त्याच उन्हात सात रस्त्याच्या सिग्नलला उभी राहणार आहे.

मालकाला मागे बसवा. एकतर त्याला गाडी पळवून नेण्याची भीती उरत नाही, आणि दुसरं म्हणजे दोघांच्या वजनावर क्लच, ब्रेक आणि मागचे शॉकअप खरं बोलतात. आम्ही आधी शहरातल्या गर्दीतून रांगत गेलो, मग तुळजापूर रोडने हिप्परग्याच्या तलावापर्यंत.

चौथ्या गिअरमध्ये ४० वर असताना ऍक्सिलरेटर एकदम पिळा. इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग तसाच राहिला, तर क्लचप्लेटा घसरतायत. सरळ, मोकळ्या रस्त्यावर हँडलची पकड ढिली करा, हात सोडू नका. गाडी एका बाजूला ओढत असेल तर सकाळी दिसलेल्या शंका आठवा. ८० च्या वेगाला हँडल किती थरथरतं ते दहा मिनिटं सहन करून बघा, कारण पुण्यापर्यंत तेच पाच तास सहन करायचं आहे. ब्रेक मारताना लिव्हर धडधडली तर डिस्क वाकडी.

परत आल्यावर बंद करू नका. पाच मिनिटं आयडलवर, म्हणजे रेस न देता, उभी ठेवा. इंजिन आपोआप मरतंय का, डॉमिनारसारखी असेल तर पंखा चालू होतो का, खाली थेंब पडतोय का? मग बंद करा, पाच मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारा. गार असताना चटकन चालू होणाऱ्या किती तरी गाड्या तापल्यावर रुसतात, आणि ते कळतं टेंभुर्णीच्या पुढे, भर उन्हात.

जमलं तर अंधार पडेपर्यंत थांबा आणि हेडलाइट बघा. गाळप हंगामात मंगळवेढा, पंढरपूर, अक्कलकोट कुठल्याही रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागे दिवा नसताना चाललेल्या असतात. पिवळट काजव्याएवढ्या दिव्याची गाडी घेतली तर त्या दिव्याचा खर्च आधी धरा.

किलोमीटरचा आकडा मी शेवटी बघतो. मीटर बदलता येतो. फूटरेस्टचं रबर गुळगुळीत, सीट बसलेली आणि मीटरवर १८ हजार, असं असेल तर मीटर खोटं बोलतोय. होटगी रोडच्या काकांकडे सर्व्हिसची बिलं एका प्लास्टिकच्या पिशवीत तारखेनुसार लावलेली होती, मीटरवर ४१ हजार. त्या पिशवीचे मी मनातल्या मनात पाच हजार जास्त धरले.

हिशोब

भाच्याची मर्यादा आधीच ठरलेली होती: नावावर होऊन, रस्त्यावर निघायला तयार झालेली गाडी ९० हजारांत. गाडी बघितल्यावर मर्यादा ठरवली तर ती गाडीच्या मागे धावते.

अण्णांनी काढलेली यादी अशी: टायरची जोडी ७,५००, चेन-स्प्रॉकेट ३,२००, बॅटरी १,८००, कोनसेट मजुरीसह १,४००, शॉकअपचे सील आणि तेल १,२००, विमा-ट्रान्सफर-पाटी मिळून ४,०००. एकूण १९,१००. म्हणजे गाडीला जास्तीत जास्त ७०,९०० देता येत होते. यादी काकांपुढे ठेवली, वाद घातला नाही. ६९ हजारांत ठरलं. याशिवाय १५ हजार बाजूला काढून ठेवायला लावले. पहिल्या वर्षात न दिसलेलं काहीतरी निघतंच.

तुमचा आकडा मर्यादेच्या वर जात असेल आणि मालक खाली येत नसेल तर उठा. दोन-तीन हजारांसाठी उठायचं नसतं. क्लच, कोनसेट आणि टायर तिन्ही एकदम गेलेले असताना मालक "लाखात एक पीस आहे" म्हणत असेल तेव्हा उठायचं असतं.

कागद आणि पैसे

गाडी नावावर करायला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० लागतात, ज्याला सगळे टीटी फॉर्म म्हणतात. बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. सही केलेले कोरे फॉर्म घेऊन गाडी वर्षभर तशीच फिरवायची पद्धत आपल्याकडे आहे. ती दोघांच्या मुळावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक. म्हणजे विकणारा अडकतो. आणि घेणाऱ्याचं काय, तर जुन्या मालकाच्या पॉलिसीतलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण त्याला लागू होत नाही. विमा कंपनीला १४ दिवसांत कळवून पॉलिसी आपल्या नावावर घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याची सवलत, त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे हप्त्यातला फरक आपल्याला भरावा लागतो.

पैसे बँकेतून द्या. पाच हजार नाव बदलेपर्यंत मागे ठेवायचं आधीच बोलून घ्या. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या करा, त्याआधीचं चलान त्यांचं, नंतरचं आपलं.

पहिला महिना

गाडी आणल्या आणल्या इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक ऑइल आणि पेट्रोलचा रबरी पाइप बदला, आधीच्याने परवाच बदलले असं सांगितलं असलं तरी. पाइप मुद्दाम सांगतो, कारण इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं आणि चिरतं, आणि तो गरम इंजिनाच्या डोक्यावरच असतो.

मग लगेच हंपी नाही. पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या आत: अक्कलकोट, तुळजापूरचा घाट, नळदुर्गचा किल्ला. एवढ्या अंतरातून बंद पडलेली गाडी छोट्या हत्तीत घालून संध्याकाळपर्यंत घरी येते. प्रत्येक फेरीनंतर रात्री गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरायचं आणि सकाळी बघायचं. भाच्याच्या वर्तमानपत्रावर तिसऱ्या सकाळी रुपयाएवढा काळा डाग निघाला. त्याने घाबरून फोटो पाठवला. अण्णांनी मोठा करून बघितला. डाग मागच्या चाकाखाली होता, चेनला लावलेलं जास्तीचं तेल.